स्नेह कीं कर्तव्य? शेक्सपीअरच्या शोकान्त नाटकांतील एक धडा



आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें गांव तुम्हांपैकीं बहुतेकांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिलें असेल. तेथें राजे लखुजी जाधवराव यांचा वाडा आहे, त्यांची भव्य समाधि आहे, आणि मातोश्री जिजाबाईंच्या जन्मानें त्या स्थळास तीर्थाचें महत्त्व आलें आहे. परंतु त्या समाधीपुढें उभे राहून एका गोष्टीचा विचार फार थोडे लोक करतात. सन १६२४ मध्यें अहमदनगरनजीक, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, भातवडी येथें मोठें युद्ध झालें. त्या युद्धांत जिजाबाईंचे पति शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूनें लढत होते, आणि त्यांचे पिते लखुजी जाधवराव हे मोगलांच्या पक्षास होते. जिचा पिता एका छावणींत व पति समोरच्या छावणींत, त्या लेकीनें विजयाची वार्ता ऐकून आनंद करावा कीं शोक करावा? पुढें लखुजी निजामशाहीकडे परत आले, आणि १६२९ सालीं त्याच निजामशाहीच्या दौलताबाद येथील दरबारांत पुत्रपौत्रांसह त्यांचा वध झाला. ज्या पक्षासाठीं पतीनें रक्त सांडलें त्याच पक्षानें पित्याचा घात केला.

शेक्सपीअर या आंग्ल महाकवीनें अशीच एक स्थिति 'अँटनी अँड क्लिओपात्रा' या नाटकांत ऑक्टेव्हिया नांवाच्या स्त्रीच्या रूपानें दाखविली आहे. ऑक्टेव्हियस सीझर हा तिचा भाऊ व मार्क अँटनी हा तिचा पति. दोघांत वैर पेटणार असें दिसूं लागतांच ती आपली व्यथा सांगते: पतीच्या जयासाठीं प्रार्थना करावी, तर भावाच्या जयाची प्रार्थना तिला लागलीच पुसून टाकते, मध्यें उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. शेक्सपीअर १५६४ सालीं जन्मला व १६१६ सालीं वारला. जिजाबाईंचा जन्म १५९८ चा मानितात. म्हणजे कवि आणि आपली ही राजमाता कांहीं काळ एकाच वेळीं या पृथ्वीवर होतीं. कवीनें सिंदखेडचें नांव ऐकलें नसेल. परंतु मनुष्याच्या अंतःकरणांतील जें युद्ध त्यानें पाहिलें होतें, तें सिंदखेडच्या वाड्यालाही परकें नव्हतें.

मनुष्य जन्मतः दोन ऋणांनीं बांधला जातो. पहिलें ऋण नात्याचें: आईबाप, भाऊबहीण, मित्र, स्वामी व सेवक यांचें. दुसरें ऋण लोकांचें: ज्या गांवांत, ज्या समाजांत व ज्या राज्यांत तो राहतो त्याचें. सामान्यतः हीं दोन्ही ऋणें एकाच वाटेनें चालतात. जो घरीं प्रामाणिक तो बाहेरही बहुधा प्रामाणिक असतो. परंतु आयुष्यांत एखादी घटका अशी येते कीं, एक ऋण फेडूं गेल्यास दुसरें बुडतें. त्या घटकेस दोन्ही बाजूंस कांहीं ना कांहीं सत्य असतें, आणि म्हणूनच तिच्यांतून शोकान्त नाटक निर्माण होतें. दुष्टानें सुष्टास छळिलें, ही गोष्ट केवळ दुःखाची होय; सुष्टाच्याच मनांत दोन सत्यें एकमेकांशीं झुंजूं लागलीं, ही गोष्ट शोकान्त होय.

आतां हा लेख लिहिण्याचें कारण सांगतों. गेल्या वर्षीं आम्ही वर्गांत 'जूलियस सीझर' या नाटकाची कथा सांगत होतों. तास संपतां संपतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, ब्रूटसनें मित्राला मारलें तें देशासाठीं, म्हणून तुम्ही त्याला थोर म्हणतां. मग परीक्षेंत आपला मित्र चिठ्ठी काढून लिहितांना दिसला, तर त्याचें नांव सांगावें काय?" वर्गांत हशा पिकला, परंतु विचारणारा हंसत नव्हता. घंटा झाली होती. "कर्तव्य तें कर्तव्यच," एवढें म्हणून आम्ही हातांवरील खडू झाडीत बाहेर पडलों. घरीं गेल्यावर मात्र तें उत्तर आमचें आम्हांसच पोकळ वाटूं लागलें. ज्या प्रश्नासाठीं शेक्सपीअरनें आपलीं उत्तमोत्तम नाटकें खर्ची घातलीं, त्याची बोळवण आम्हीं तीन शब्दांत केली होती. त्या विद्यार्थ्याचें उत्तर आम्ही देणें लागतों. तें देणें येथें फेडण्याचा प्रयत्न करितों.

प्रथम ब्रूटसचीच गोष्ट पाहूं. हें नाटक १५९९ च्या सुमारास रंगभूमीवर आलें, आणि त्याचें कथानक प्लूटार्क नांवाच्या प्राचीन चरित्रकाराच्या ग्रंथावरून घेतलेलें आहे. रोम शहरांत त्या काळीं राजा नव्हता. राज्यकारभार लोकांच्या व सरदारांच्या सभांकडे असे. जूलियस सीझर या सेनापतीचें सामर्थ्य इतकें वाढलें कीं, हा आतां राजमुकुट धारण करणार अशी भीति कित्येकांस वाटूं लागली. कॅशियस हा त्यांचा पुढारी. पण कॅशियसच्या मनांत मत्सर आहे हें सर्वांस ठाऊक होतें. कटाला प्रतिष्ठा यावयाची तर ब्रूटससारखा निष्कलंक पुरुष त्यांत पाहिजे होता. ब्रूटस सीझरचा स्नेही. यादवी युद्धांत तो सीझरच्या विरुद्ध लढला असतांही सीझरनें त्यास क्षमा केली होती व मानानें वागविलें होतें. अशा उपकारकर्त्यावर शस्त्र उचलावें कीं न उचलावें, या विचारानें ब्रूटसची झोंप उडते. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशांत, मध्यरात्रीं बागेंत एकटाच फिरत असतां, तो आपल्या मनाशीं जो वाद करितो तो प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षपूर्वक वाचावा.

त्या वादांत एक मोठी खोंच आहे. सीझरनें आजवर अमुक अन्याय केला, असें ब्रूटस म्हणत नाहीं. उलट त्याची बुद्धि विकारांच्या आधीन झालेली आपण पाहिली नाहीं, असें तो कबूल करितो. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, मुकुट मिळाल्यावर सीझर कदाचित् बदलेल. सापाचें अंडें फुटण्यापूर्वींच ठेंचावें, या न्यायानें तो मित्राच्या मृत्यूचा निर्णय करितो. म्हणजे शिक्षा आज व्हावयाची, आणि अपराध मात्र उद्यांच्या पोटांत! याच वेळीं त्याच्या खिडकींतून पत्रें आंत टाकलेलीं सांपडतात. रोम तुझी वाट पाहत आहे, जागा हो, असा त्यांचा मथितार्थ असतो. ब्रूटस त्यांस लोकांचा आवाज समजतो. वस्तुतः तीं पत्रें कॅशियसनें निरनिराळ्या अक्षरांत लिहून टाकविलेलीं असतात. लोककर्तव्य म्हणून जी हांक त्याच्या कानीं आली, ती एका मत्सरी माणसाची बनावट होती. आणि खरें-खोटें करण्याइतका धीर त्या सज्जनानें धरिला नाहीं.

दुसरी खोंच याहून गहन आहे. सीझर वाट चुकत आहे असें ब्रूटसला वाटत होतें, तर त्यानें तें सीझरच्या तोंडावर एकदां तरी सांगितलें काय? संबंध नाटकांत असा एकही प्रसंग नाहीं. वधाच्या दिवशीं सकाळीं सर्व कटवाले सीझरच्या घरीं जातात. सीझर त्यांस मित्रभावानें आपल्याबरोबर पेय घेण्यास आंत बोलावितो, आणि त्या शब्दांनीं ब्रूटसच्या काळजांत कळ उठते. कळ उठते, पण जीभ उठत नाहीं. घरीं पोर्शिया ही त्याची पत्नी, नवऱ्याला कोणतें शल्य आहे हें विचारून थकते; तिलाही तो प्रथम टाळतो. जें कर्तव्य दिवसाउजेडीं बोलतां येत नाहीं, जें झग्याखालीं खंजीर लपवूनच करावें लागतें, तें कितीही थोर नांवानें ओळखिलें तरी मनाला मलीन केल्यावांचून राहत नाहीं.

फळ काय झालें? इ. स. पूर्वीं ४४ मध्यें मार्च महिन्याच्या १५ तारखेस सीझर पडला. आपण सीझरवर प्रेम करीत असतांही रोमवरील अधिक प्रेमामुळें हें केलें, असें ब्रूटसनें लोकांस समजावून सांगितलें व लोकांनीं त्याचा जयजयकार केला. परंतु थोड्याच वेळानें अँटनीचें भाषण ऐकून तेच लोक त्याचें घर जाळावयास धांवले. यादवी माजली, इ. स. पूर्वीं ४२ मध्यें फिलिपी येथील रणांत ब्रूटसचा अंत झाला. आणि कांहीं वर्षांनीं सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियस हा ऑगस्टस या नांवानें रोमचा सर्वाधिकारी झाला. ज्या एकसत्तेच्या भयानें मित्र मारिला, ती एकसत्ता आलीच. तरीही कवि ब्रूटसला दुष्ट ठरवीत नाहीं. इतर सर्वांनीं मत्सरानें शस्त्र उचललें, यानें मात्र लोकहिताच्या बुद्धीनें, अशी साक्ष त्याचा शत्रु अँटनी हाच त्याच्या प्रेतापाशीं देतो. तात्पर्य, हेतु शुद्ध होता. परंतु शुद्ध हेतु एकटा पुरेसा नसतो.

याच नाटकांत कवीनें दुसरी एक बाजू दाखवून ठेविली आहे, तिकडे वाचकांचें सहसा लक्ष जात नाहीं. चौथ्या अंकांत लष्करी तंबूंत ब्रूटस आणि कॅशियस यांचें कडाक्याचें भांडण होतें. लांच घेणाऱ्या एका मनुष्याचा कैवार कॅशियसनें घेतला, आणि स्वतः कॅशियसचेही हात लोभानें बरबटले आहेत, असें ब्रूटस त्याला तोंडावर सुनावितो. दोघेही संतापतात, तरवारीवर हात जाईल असें वाटतें. आणि मग? दोघांचीं मनें विरघळतात, हात मिळतात, मैत्री पूर्वींपेक्षां दृढ होते. मित्राचा दोष मित्राजवळ उघड बोलण्याचें जें धैर्य ब्रूटसनें कॅशियसच्या बाबतींत दाखविलें, तें सीझरच्या बाबतींत दाखविलें असतें तर? सीझरनें ऐकलें नसतें, हा संभव आहेच. ब्रूटसला आपला प्राण गमवावा लागला असता, हाही संभव आहे. परंतु त्या स्थितींत स्नेह आणि कर्तव्य हीं दोन्ही ऋणें एकाच कृतीनें फिटलीं असतीं.

असें वागणारीं माणसें पाहावयाचीं असतील तर 'किंग लिअर' हें नाटक वाचावें. वृद्ध राजा लिअर, जी मुलगी आपल्यावरील प्रेमाचें अधिक स्तोत्र गाईल तिला अधिक राज्य, असा वेडा पण मांडितो. धाकटी मुलगी कॉर्डेलिया खोटी स्तुति करण्याचें नाकारिते आणि वारसा गमावते. सरदार केंट राजाला भर दरबारांत, तूं चुकत आहेस, असें सांगतो आणि हद्दपार होतो. पण हद्दपार झालेला केंट राज्य सोडून जात नाहीं. वेष पालटून, साधा चाकर बनून, तो त्याच राजाच्या सेवेस पुन्हां उभा राहतो आणि वादळवाऱ्यांत त्याची साथ करितो. दोष सांगणें आणि साथ सोडणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें केंटनें आपल्या आचरणानें दाखविलें.

त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशांत एक चाकर आहे. कवीनें त्याला नांवसुद्धां दिलेलें नाहीं. त्याचा धनी कॉर्नवॉल हा ग्लॉस्टर नांवाच्या वृद्धाचे डोळे काढीत असतो. बाकीचे पाहत उभे राहतात. हा चाकर पुढें होतो आणि धन्याला थांबावयास सांगतो. लहानपणापासून आपण तुमची चाकरी केली, पण तुम्हांला आतां थांबविणें याहून मोठी चाकरी आपल्या हातून कधीं घडली नाहीं, असें त्याचें म्हणणें असतें. तो तेथेंच मारला जातो. त्या धन्यालाही त्याच्या तरवारीची जखम प्राणघातक होते. बालकांनो, या अनामिक चाकराच्या मुखांतून कवीनें आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर दिलें आहे. धन्याच्या हुकुमापुढें मान तुकविणें म्हणजेच स्वामिनिष्ठा नव्हे. धन्याला पापापासून परावृत्त करणें हीही स्वामिनिष्ठाच, आणि ती श्रेष्ठ प्रतीची.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या चाकराचा थोर बंधु शोधावयास दूर जावें लागत नाहीं. सन १७७३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे सेवक होते; ज्यांचें अन्न खात होते तेच आतां आरोपी झाले. रामशास्त्र्यांनीं चौकशी केली आणि रघुनाथरावांस त्यांच्यासमोर सांगितलें कीं, या कृत्यास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाहीं. मग ते अधिकार सोडून पुण्याबाहेर निघून गेले. त्यांनीं कट केला नाहीं, रात्रीच्या अंधाराचा आश्रय केला नाहीं. जें बोलावयाचें तें समक्ष बोलले आणि त्याची किंमत स्वतः दिली.

'किंमत स्वतः दिली' या शब्दांपाशीं जरा थांबूं. कर्तव्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न शेक्सपीअरनें 'मॅकबेथ' नाटकांत अत्यंत कठोरपणें विचारिला आहे. मॅकबेथ हा राजघातकी जुलमी. त्याच्यापासून देश सोडविण्यासाठीं मॅकडफ हा सरदार इंग्लंडांत मदत मागावयास जातो. कार्य उत्तम, परंतु जातांना तो बायकोला कांहीं सांगत नाहीं, मुलांच्या रक्षणाची व्यवस्था करीत नाहीं. चौथ्या अंकांत त्याची पत्नी व्याकुळ होऊन म्हणते, चिमणीसुद्धां पिलांसाठीं घुबडाशीं झुंजते, मग हा आम्हांस टाकून कसा गेला? थोड्याच वेळांत मॅकबेथचे मारेकरी येऊन तिची व मुलांची हत्या करितात. ही वार्ता इंग्लंडांत कानीं पडल्यावर मॅकडफ प्रथम स्वतःसच दोष देतो. त्याच्या देशकार्यानें देश मुक्त झाला हें खरें, पण त्या मुक्तीची किंमत ज्यांनीं दिली त्यांस कोणीं विचारिलेंही नव्हतें. देशसेवेच्या नांवाखालीं घरच्यांस विसरणाऱ्यांनीं हा प्रवेश पाठ करावा.

याच्या अगदीं उलट टोंकास 'कोरायोलेनस' हें नाटक आहे. रोमनें हद्दपार केलेला हा सेनापति शत्रूस मिळून रोम जाळावयास येतो. पांचव्या अंकांत त्याची आई व्होलम्निया त्याच्यापुढें गुडघे टेंकून, आपलें शहर वांचीव, अशी याचना करिते. तो विरघळतो, रोम वांचतें, आणि नव्या मित्रांकडून आपला अंत होणार हें मनांत उमगूनही तो परत त्यांच्याकडे जातो व मारला जातो. येथें नात्यानें कर्तव्याला अडविलें नाहीं. नात्यानेंच कर्तव्याची आठवण दिली. आणि किंमत दुसऱ्या कोणीं नव्हे, त्यानें स्वतः दिली.

आतां आपल्याकडील एक अलीकडचें उदाहरण देतों, आणि तें मुद्दाम अशा पुरुषाचें देतों कीं, ज्यानें शेक्सपीअर मराठींत आणिला. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं झाला. घरची अत्यंत गरिबी. आपल्या शेजारच्या अकोल्यास राहून ते १८७५ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्यास त्या काळीं शिक्षणक्षेत्रांत विष्णु मोरेश्वर महाजनी होते, आणि ते स्वतः शेक्सपीअरचे रूपांतरकार. 'सिंबेलाइन' नाटकावरून त्यांनीं 'तारा' हें नाटक लिहिलें. म्हणजे शेक्सपीअरचा मराठी अवतार घडविण्यांत आपल्या वऱ्हाडचाही हात आहे. पुढें पुण्यास शिकत असतां आगरकरांनीं आईस पत्र लिहून आधींच कळविलें कीं, मुलगा मोठ्या परीक्षा देतो म्हणून मोठ्या पगाराची आशा तिनें धरूं नये. आपण पोटापुरतें मिळवून बाकीचा काळ लोकांच्या हितासाठीं घालविणार. हें पत्र आणि मॅकडफचें मुकाट्यानें निघून जाणें हीं शेजारीं ठेवून पाहा. आईची आशा मोडली दोहोंकडे. पण येथें आईला सत्य सांगितलें गेलें.

१८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ सालीं 'केसरी' निघाला, आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. बाळ गंगाधर टिळक त्यांचे जिवलग मित्र. कोल्हापूरच्या महाराजांस जाच होतो अशा समजुतीनें त्यांच्या पत्रांनीं तेथील कारभाऱ्यांवर टीका केली व कांहीं पत्रें प्रसिद्ध केलीं. तीं पत्रें बनावट ठरलीं. ब्रूटसच्या खिडकींतून आलेल्या कागदांची येथें कोणास आठवण होणार नाहीं? परंतु भेदही पाहा: ब्रूटसच्या चुकीची किंमत सीझरनें प्राणानें दिली, या दोन मित्रांनीं आपल्या चुकीबद्दल क्षमा मागितली व शिक्षा स्वतः भोगिली. १८८२ सालीं दोघे डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र राहिले. पुढल्याच वर्षीं, १८८३ मध्यें, आगरकरांचें 'हॅम्लेट'चें भाषांतर 'विकारविलसित' या नांवानें प्रसिद्ध झालें.

तुरुंगानें जी मैत्री तुटली नाहीं, ती मतांनीं ताणली गेली. समाजसुधारणा आधीं कीं राजकीय स्वातंत्र्य आधीं, यावर दोघांचे मार्ग भिन्न झाले. आगरकरांपुढें दोन सोप्या वाटा होत्या: मित्रासाठीं मौन धरणें, किंवा सर्वांच्या पत्रांत आपलेंच मत रेटीत राहणें. त्यांनीं तिसरी, अवघड वाट धरिली. १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी'चें संपादकत्व सोडलें आणि १८८८ सालीं 'सुधारक' हें स्वतःचें पत्र काढून आपलें म्हणणें उघड मांडिलें. पुण्याच्या लोकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढिली, तीही त्यांनीं पाहिली. दोघां मित्रांचे वाद वर्तमानपत्रांतून चालले आणि कित्येकदां शब्द मर्यादेबाहेर तिखट झाले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु जो घाव झाला तो समोरून, आपल्या नांवानिशीं. १८९५ च्या जूनच्या १७ तारखेस आगरकर अवघ्या ३८ व्या वर्षीं वारले, तेव्हां 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. मतभेदानें मैत्री दुखावली जाते. विश्वासघातानें ती मरते. दुखावलेली मैत्री मृत्युलेख लिहूं शकते. मेलेली शकत नाहीं.

आतां मागच्या बांकावरील आमच्या विद्यार्थ्याकडे वळूं. वरील सर्व प्रसंगांवरून तीन प्रश्न हातीं येतात. स्नेह एकीकडे व कर्तव्य दुसरीकडे ओढूं लागलें, म्हणजे ते क्रमानें स्वतःस विचारावे.

पहिला प्रश्न: जें मी धरून चाललों आहें तें खरें आहे काय? मीं स्वतः पाहिलें, कीं कोणीं खिडकींतून कागद टाकला? मित्रानें दोष केला आहे, कीं तो करील असें मला वाटतें?

दुसरा प्रश्न: जें मी दुसऱ्यास सांगणार तें आधीं त्याच्या तोंडावर सांगितलें आहे काय?

तिसरा प्रश्न: याची किंमत कोण देणार आणि लाभ कोणास होणार? किंमत सारी त्याची व लाभ सारा माझा असेल, तर माझ्या कर्तव्यबुद्धींत कोठें तरी कॅशियस लपला आहे, असें खुशाल समजावें.

तेव्हां बाळा, परीक्षेच्या त्या प्रसंगीं तूं असें कर. तुझ्या डोळ्यांनीं पाहिल्याची खात्री करून घे. पेपर सुटल्यावर मित्राला एकीकडे घे आणि सांग, "तूं केलेंस तें मीं पाहिलें आहे. गुरुजींकडे तूंच चल. मी तुझ्याबरोबर येतों." तो आला तर त्याच्या शेजारीं उभा राहा, आणि शिक्षा झाली तर तिच्यानंतरही त्याच्याच शेजारीं बस. तो न आला, तर "मग मला सांगावें लागेल," हें त्याला आधीं सांग, आणि मगच सांग. निनांवी चिठ्ठी मात्र मुख्याध्यापकांच्या मेजावर टाकूं नकोस. तो झग्याखालचा खंजीर होय. आणि त्याचा नंबर खालीं गेला म्हणजे माझा वर येईल, असा विचार मनांत चमकला असेल, तर तो आधीं उपटून टाक. इतकें केल्यावर मित्र तुटणारच नाहीं, असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. कदाचित् तो महिनाभर बोलणार नाहीं. कदाचित् कधींच बोलणार नाहीं. परंतु तूं त्याला फसविलें नाहींस, हें त्याला आणि तुला दोघांसही ठाऊक राहील.

पालकवर्गासही नम्रपणें दोन शब्द सांगावयाचे आहेत. हें द्वंद्व मुलांच्या वांट्यास परीक्षेंतच प्रथम येतें असें नाहीं. पुष्कळदां आपणच तें त्यांच्यापुढें आणून ठेवितों. बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलास घेऊन आपण मोटारींत बसतों, आणि कंडक्टरनें वय विचारलें असतां अर्ध्या तिकिटासाठीं "अकरा" असें सांगतों. मुलाला आपलें वय ठाऊक असतें. तो एकदां बापाकडे पाहतो, एकदां कंडक्टरकडे पाहतो आणि मान खालीं घालितो. त्या क्षणीं त्या कोवळ्या मनांत ऑक्टेव्हियाचें युद्ध सुरू झालेलें असतें, आणि तें आपण चार पैशांसाठीं लाविलेलें असतें. तो गप्प राहिला म्हणून आपण त्यास शहाणा म्हणतों. पण तो कोणतें शहाणपण शिकला? घरची निष्ठा म्हणजे घरचा खोटेपणा झांकणें, एवढेंच. मूल भीतभीत "बाबा, मला बारा झालीं ना?" असें विचारील, तर त्यावर डोळे वटारूं नका. तुमच्या घरांत एक कॉर्डेलिया जन्मास आली आहे, तिला हद्दपार करूं नका.

पुढच्या वेळीं सिंदखेडास जाल तेव्हां त्या समाधीपुढें क्षणभर शांत उभे राहा. पिता एकीकडे आणि पति एकीकडे, अशा दुभंगलेल्या जगांत जिजाबाईंनीं आयुष्य काढिलें. १६३० सालीं जन्मलेल्या आपल्या पुत्रास त्यांनीं असें राज्य उभारण्यास शिकविलें कीं, ज्यांत आपल्या माणसांनीं परक्या दोन छावण्यांत उभें राहून एकमेकांवर तरवार धरण्याची पाळी येऊं नये. ज्यांना हें द्वंद्व सोसावें लागतें त्यांपैकीं कांहीं मोडून जातात, कांहीं कठोर होतात, आणि थोडे असे निघतात कीं पुढच्या पिढीस तें सोसावें लागूं नये म्हणून झटतात. या तिघांपैकीं आपण कोण व्हावें, हें ठरविण्याचें काम शेक्सपीअर कोणासाठींही करीत नाहीं; तें प्रत्येकानें आपल्यापुरतें करावयाचें आहे.